घरच्या बाईचं वर्ष

नोव्हेंबर संपत आला की माझ्या भाचीचा मेसेज येतो. भाची म्हणजे प्रज्ञा, माझ्या धाकट्या भावाची, विजयची मुलगी. राहते पुण्यात, पण आमच्या सगळ्या गोतावळ्याचा फोनवर जो एक ग्रुप आहे, त्याची सूत्रं तिच्या हातात. मेसेज दरवर्षी तोच. प्रत्येकानं वर्षभरातले पाच फोटो आणि तीन ओळी पाठवायच्या. मग ती त्याचा गाणं लावून व्हिडिओ करते आणि एकतीस तारखेला टाकते. कुणाचं घर झालं, कुणाचं पोर दहावी पास झालं, कुणी कुठल्या बर्फात जाऊन उभं राहिलं, सगळं दोन मिनिटांत बघून होतं. खाली अंगठे पडतात. मीही टाकते. न टाकून सांगते कुणाला!

यंदा त्याखाली माझ्यासाठी वेगळी ओळ होती. ‘आत्या, आजीचंही पाठव. दरवर्षी आजीच राहून जाते.’

मी फोन उघडून आईचं वर्ष शोधायला बसले. आई एक्क्याऐंशीची आहे. आम्ही दोघीच राहतो. फोटो सापडले ते असे: गुडघ्याचा एक्स-रे, खिडकीच्या काचेवर धरून काढलेला. रक्तदाबाच्या नोंदींचा कागद. केमिस्टला दाखवायला काढलेली गोळ्यांची रिकामी पाकिटं. आणि एका बारशातला घोळका, त्यात आईचा अर्धा चेहरा, डोळे मिटलेले. ह्यावर कुठलं गाणं लावणार? मी एका सरकारी कार्यालयात बत्तीस वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळते आहे. आलेला प्रत्येक कागद कुठून आला नि कुठं गेला, मला विचारा. पण शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या बाईच्या वर्षात काय आलं आणि काय गेलं, ह्याच्या तीन ओळी मला जुळेनात. स्वतःचाच राग आला आणि मी फोन उपडा ठेवून दिला.

बाहेर डिसेंबरची हवा सुरू झाली होती. मुंबईला थंडी म्हणण्यासारखी थंडी नसते, पण ह्या दिवसांत सकाळी फरशी पायाला गार लागते, ऊन जरा मऊ होतं, आणि घसा धरतो. डिलाईल रोडवर आमची चाळ होती तेव्हा ह्या हवेबरोबर आणखी एक गोष्ट यायची. माणसं. चाळ पाडून तिथं आता उंच इमारत झाली आहे आणि आम्ही तिच्या सतराव्या मजल्यावर राहतो. पण माझ्या अंगाला अजून त्या माणसांची सवय आहे. डिसेंबर लागला की मी उगीचच जास्तीच्या चादरी काढून उन्हात घालते.

आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचं म्हणून गावाकडून आमचे भाऊबंद यायचे आणि उतरायचे आमच्याकडे. एका खोलीत वीस, कधी पंचवीस माणसं. बाया आत, पुरुष गॅलरीत, पोरंटोरं गच्चीवर. दारापुढं चपलांचा ढीग, दांडीवर पांढरे सदरे आणि पांढरी लुगडी वाळत घातलेली, आणि सगळ्या चाळीभर लांबून चालून आलेल्या पायांच्या धुळीचा वास. आमच्याच नाही, आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांतून हेच चित्र. नळावर पहाटे तीनपासून बादल्या लागायच्या. त्या तीन दिवसांत आई बसलेली मी पाहिली नाही. ती एक तर स्टोव्हपुढं उकिडवी असायची, नाही तर नळावर वाकलेली.

सहा तारखेच्या पहाटे पाहुणे दादरला जायचे. रांगेत सहा-सात तास उभं राहून, अभिवादन करून, पार्कातल्या स्टॉलवरून पुस्तकं आणि दिनदर्शिका घेऊन दुपार टळताना परत यायचे. त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मोठी माणसं भिंतीला टेकून गप्प बसायची. जवळचं कुणी गेल्यावर घर जसं असतं तसं, इतक्या वर्षांनीही.

आणि सात तारखेच्या सकाळी व्हायचं ते ‘सांगणं’. हे आमच्या घरचंच. दुसऱ्या कुणाकडे मी पाहिलं नाही.

ते सुरू झालं आजोबांच्या काळात. गावात आमच्या वस्तीवर तेव्हा कुणाला वाचता यायचं नाही. मुंबईहून पत्र गेलं की ते घेऊन गावातल्या कुणातरी वाचणाऱ्याच्या ओट्याखाली उभं राहावं लागायचं. तो मोठ्यानं वाचणार, वाचता वाचता हसणार, आणि संध्याकाळपर्यंत मुंबईला आमच्या घरात कोण आजारी, कुणाचं काम सुटलं, हे अख्ख्या गावाला कळणार. आजोबांना ते सहन झालं नाही. त्यांनी निरोप धाडला, पत्रात फक्त खुशाली. बाकीचं सहा डिसेंबरला या आणि तोंडानं सांगा. तेव्हापासून वर्षाचं सगळं सात तारखेच्या सकाळसाठी राखून ठेवलं जायचं. पुढं वस्तीवरची पोरं शिकली, एक जण तर पोस्टातच लागला, तरी प्रथा मोडली नाही.

गॅलरीत सतरंजी पडायची. चहाची पहिली फेरी झाली की माझे वडील, अण्णा, खाकरायचे. सगळ्यात लहान पोरापासून सुरुवात. प्रत्येकानं आपलं वर्ष सांगायचं. झालेलं सांगायचं, होणार असलेलं नाही, असा अण्णांचा दंडक होता. मधे कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, च्‌च्‌ करायचं नाही. ऐकायचं. अण्णांचा चुलतभाऊ नामाकाका, जो कशावरही विनोद करायचा, तोसुद्धा तेवढा वेळ गप्प राहायचा. त्याचं स्वतःचं सांगणं मात्र ऐकण्यासारखं असे. एकच म्हैस त्यानं लागोपाठ तीन वर्षं नव्यानं विकत घेतलेली मला आठवते. म्हणजे तेव्हाही लोक जे सांगायचे ते सगळं खरंच होतं असं नाही. आपलं वर्ष थोडं झाडून-पुसून मांडायची हौस माणसाला फोन आल्यावर लागलेली नाही.

पण खरंही तितकंच असायचं. माझी सखूआत्या विधवा होती, एकटी राहायची. ती दरवर्षी म्हणायची, “काय न्हाई झालं बाबा.” आणि अण्णा तिच्यासाठीसुद्धा तेवढाच वेळ थांबायचे, जेवढा इतरांसाठी. एका वर्षी तिच्या थोरल्या दिरानं सांगितलं की त्याचा मुलगा विहिरीत पडून गेला. एवढंच वाक्य. खाली रस्त्यावर टेम्पो भरत होते, ध्वनिक्षेपकावर गाणं चाललं होतं, आणि गॅलरीत पंचवीस माणसं नुसती बसून होती. गिरण्यांच्या संपानंतरच्या एका डिसेंबरात अण्णा म्हणाले, “माझी मिल सुटली. आता परत लागंल असं वाटत नाही.” आम्हा पोरांना हे तेव्हाच, तिथंच कळलं. घरात वर्षभर कुणी बोललं नव्हतं. माझ्या वडिलांचा आवाज कापलेला मी एकदाच ऐकला, तो त्या सकाळी.

मला आता वाटतं, त्या सतरंजीवर बसायला सगळे घाबरत असणार, आणि तरी त्याच्यासाठीच दोनशे-अडीचशे किलोमीटर लांबून येत असणार. वर्षभर मनात साठवून ठेवलेलं ओझं खाली ठेवायला जागा लागते. आमच्या लोकांना ती आमच्या गॅलरीत मिळायची, ह्याचा मला अभिमान होता. अजून आहे. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

आमच्या घरात एक गोष्ट गेली अठ्ठेचाळीस वर्षं सांगितली जाते. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. सहा तारखेला पाहुणे दादरला गेले होते, अण्णा पहिल्या पाळीला. विजय तान्हा होता, त्याला शेजारच्या काकूंकडे झोपवून आईनं मला स्टोव्हपाशी बसवलं. “भाजी उतरवलीय, त्यावर झाकण राहू दे. मी रॉकेल आणते, रांग असंल,” म्हणाली आणि गेली. दुपार झाली, ती आली नाही. पाहुणे परत आले, भुकेले. भात नाही, भाकरी नाही, आणि मी रडवेली. अण्णा पाळी संपवून आले तरी हिचा पत्ता नाही. शेवटी आली ती लाल तोंडानं, पदर घामानं भिजलेला. पाहुण्यांसमोर अण्णा आईला पहिल्यांदाच ओरडले. “माणसं लांबून आलीत, उपाशी बसलीत आणि तू कुठं उंडारतेस?” आई म्हणाली, “रॉकेलला लई गर्दी होती,” आणि पीठ मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी सांगण्यात माझा नंबर आला. मी उभी राहिले, हात मागे बांधले आणि शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाले, “यंदा मी चौथीत पहिली आले. आणि आई रॉकेल आणायला गेली पण कॅन घरीच होता.”

गॅलरी हसून लोळली. अण्णासुद्धा हसले. नामाकाकानं तर ते जन्मभर पुरवून वापरलं. दरवर्षी निघताना, “वैनी, रॉकेल आणायला जाताय का? कॅन घ्या बरं का!” पुढं गॅस आला, रॉकेल गेलं, चाळ गेली, अण्णा गेले. विनोद तेवढा राहिला. आई दरवेळी थोडी हसायची आणि कामाला लागायची. मला ह्या गोष्टीची नायिका असल्याचं फार कौतुक होतं. ऑफिसातही मी ती रंगवून सांगितली आहे.

ह्या डिसेंबरला पाहुणे म्हणून दोघंच आले. नामाकाका, आता अठ्ठ्याहत्तरचे, आणि त्यांची सून. बाकीचे आता गावाहून परस्पर गाडी करून येतात आणि परस्पर जातात. विजय आणि प्रज्ञा पुण्याहून आले होते. सात तारखेच्या सकाळी काकांनी सोफ्यावर बसायला नकार दिला. “सोफ्यावर बसून सांगणं हुतं व्हय?” म्हणून हॉलमध्ये सतरंजी घातली. प्रज्ञा सगळ्यात लहान म्हणून तिनं सुरुवात केली. तिनं नोकरी सोडली आहे हे तिनं तिथं सांगितलं. व्हिडिओच्या तीन ओळींत ते नव्हतं. विजयचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण नियम म्हणजे नियम, तो गप्प बसला. मग काकांची सून, मग विजय, मग मी. मी सांगितलं की पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होते. काका म्हणाले, “हे हुणार असलेलं झालं. झालेलं सांग.” मला काही सुचेना. मी म्हणाले, यंदा आईचा गुडघा गेला आणि डॉक्टर म्हणाले, हृदयही दमलं आहे. आई तेव्हा आत होती. कांदा चिरत होती, बसून का होईना.

मग काकांनी आपलं सांगितलं. त्यात ह्या वेळी म्हैस नव्हती. संपलं असं समजून आम्ही उठायला लागलो, तेव्हा प्रज्ञा म्हणाली, “आणि आजी?”

“आजीचं काय?” विजय म्हणाला.

“तिचं सांगणं.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आईनं सांगितलेलं मला एकही वर्ष आठवेना. विजयला आठवेना. काकांनाही. पाहुण्या बाया सांगायच्या, सखूआत्या सांगायची, शेजारच्या काकू एकदा येऊन सांगून गेल्या होत्या. आई नाही. तिला कुणी मनाई केली नव्हती. ती घरची होती. घरच्या बाईचं वर्ष सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच असतं, त्यात सांगायचं काय, असं काहीतरी आम्ही न बोलता धरून चाललो होतो. शिवाय त्या वेळी चहाची दुसरी फेरी तिच्या हातात असायची.

प्रज्ञानं आईला आतून हाताला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. आईनं हात पदराला पुसले. काकांना काहीतरी बोलायला हवंच होतं. “वैनींचं काय इचारतीस पोरी! रॉकेलला गेल्या आणि कॅन घरी!” आम्ही हसलो. मीही हसले. खोटं कशाला सांगू.

प्रज्ञा हसली नाही. तिनं विचारलं, “मग कुठं गेली होतीस, आजी?”

साधा प्रश्न होता. अठ्ठेचाळीस वर्षांत आमच्यातल्या एकानंही तो विचारला नव्हता.

“चैत्यभूमीला,” आई म्हणाली.

काकांचं हसू तसंच तोंडावर राहिलं. आई त्यांच्याकडे न बघता प्रज्ञाशी बोलत होती. “सगळ्यांचं खाणं-पिणं करून पाठवायचं, आपण कधी जायचं, असं मनात यायचं. त्या दिवशी भाजी लवकर झाली. म्हटलं, दोन-तीन तासांत जाऊन येऊ. चालतच गेले. रांग बघितली आणि वाटलं, परत फिरावं. पण उभी राहिले. माझ्या पुढं एक नागपूरकडची बाई होती, कडेवर पोर. दमली होती बिचारी. तिचं पोर घेतलं मी थोडा वेळ. ऊन चढलं. मग समुद्राचा वारा लागायला लागला. घुमट दिसला पांढरा. पुढं असतील पन्नास-साठ माणसं, जास्त नाही.”

“मग?”

“मग कुठल्यातरी मिलचा भोंगा झाला. म्हटलं, पाहुणे आले असतील. पोरगी एकटी स्टोव्हपाशी बसलीय. त्या बाईला म्हटलं, माझं राहू दे, मी जाते. आणि आले.”

ती पोरगी मी होते. तिला माझी काळजी वाटली म्हणून ती पन्नास माणसं राहिलेली असताना मागे फिरली होती, आणि दुसऱ्या दिवशी मी उभी राहून पंचवीस माणसांना तिच्यावर हसवलं होतं. आत भाकऱ्या थापताना तिनं ते ऐकलं असणार. दार उघडंच असायचं.

“नंतर कधी गेली नाहीस?” प्रज्ञानं विचारलं. “आपण इतक्या जवळ राहतो.”

आई जरा ओशाळली. “रांग सोडली की नंबर गेला. मग आडदिवशी मोकळं बघून जायचं म्हणजे मधेच घुसल्यासारखं वाटायचं. म्हटलं, एकदा नीट जाऊ. रांगेतनं. ह्याच दिवसांत. तर ह्या दिवसांत तुम्ही सगळे.” ती काकांकडे बघून हसली. “आणि आपण काय, इथलेच.”

काकांनी चष्मा काढला. “वैनी, एका शब्दानं सांगायचं की वं. आमी खाल्लं असतं कायबी.”

“कुणी विचारलंच नाही,” आई म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मीठ संपलंय सांगावं तसं म्हणाली.

आवरता आवरता विजय मला बाल्कनीत घेऊन गेला आणि भांडल्यासारखा म्हणाला, “तुला माहीत नव्हतं? तू तिच्याजवळ राहतेस.” मी म्हणाले, “तुला तरी कुठं माहीत होतं?” आम्ही सगळ्यांची वर्षं ऐकणारं घर म्हणून मिरवत होतो, आणि आमच्याच घरातलं एक माणूस साठ वर्षं बिनऐकलेलं राहिलं होतं. ते ऐकायला आता किती वेळ उरला आहे, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला कळलं होतं. विजयला मी ते नीट सांगितलंही नव्हतं. बाल्कनीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन आम्ही टॅक्सीनं निघालो. मी, प्रज्ञा आणि ती. ती ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. मला वाटलं होतं, आठ तारखेला सगळं मोकळं असेल. पार्कात मांडव सोडवत होते, झाडूवाल्यांचे खराटे चालले होते, चिरमुरे आणि फुलं एकत्र ढिगाला लागली होती. पण गाडीचं उशिराचं तिकीट असलेले, आदल्या दोन दिवसांत गर्दीमुळे राहून गेलेले लोक होते. दारापासून शंभरेक माणसांची रांग. आईनं ती बघितली आणि तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. रांग नसती तर ती टॅक्सीतून उतरली नसती असं मला आजही वाटतं.

प्रज्ञा म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना तिकडून सोडतात, मी विचारून येते. आई म्हणाली, “अजिबात नाही.” आणि काठी टेकत शेवटच्या माणसामागे जाऊन उभी राहिली.

रांग सरकत होती. मी तिच्या कोपराला धरून होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की आम्ही सरकत नाही आहोत. मागून एक कुटुंब आलं, डोक्यावर गाठोडी. आई बाजूला झाली. “व्हा पुढं, लांबून आलात.” त्यांच्यामागे दोन म्हातारे. “तुम्ही व्हा. आम्ही इथलेच.” मग एक बाई, दोन मुलींना घेऊन. आई हसून, हातानं वाट दाखवून त्यांना पुढं घालत होती. आमच्या दारात उभी राहून पाहुण्यांना आत घ्यायची, अगदी तशीच. लोक नमस्कार करत होते, “जय भीम, आजी,” म्हणत होते आणि पुढं जात होते. पाय थरथरायला लागले होते तिचे. तिला माहीतही नव्हतं की ती काय करते आहे. आणि मी तिथंच, तिच्या शेजारी, गप्प उभी होते. लोकांना अडवायला मला लाज वाटत होती. लांबून आलेली माणसं ती. त्यांना थांबा म्हणायचं आमच्या घरात कुणी शिकलंच नाही.

मागून आणखी एक घोळका आला. आठ-दहा जण, बायका, पोरं, एकाच्या खांद्यावर निळा झेंडा. आई बाजूला व्हायला लागली. तेव्हा मी तिच्या मागे सरकले आणि दोन्ही हात आडवे पसरले.

“थांबा,” मी म्हणाले. माझा आवाज ओळखू येईना मला. “आधी माझी आई जाणार आहे.”

पुढच्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. “थांबलो की, ताई,” ती म्हणाली. “आम्हाला कुठं घाई आहे?” आणि तिनं आपल्या माणसांना हातानं मागे दाबलं.

आईनं वळून माझ्याकडे रागानं पाहिलं. “अगं, लांबून आलेत ते.”

“येऊ देत,” मी म्हणाले. “तू चल.”

मग ती चालली. एकेक पाऊल. मी मागे हात पसरून, प्रज्ञा काठीच्या बाजूला. दाराशी तिनं आमच्या दोघींचेही हात सोडले आणि एकटी आत गेली. तिला किती वेळ लागला, मी मोजलं नाही. मागची माणसं थांबून होती.

ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. रडत होते ती मी. बाहेरच्या कठड्यावर तिला बसवलं, पाणी दिलं. समुद्राला भरती होती, वारा पदर उडवत होता. ती समोर बघत होती. बऱ्याच वेळानं प्रज्ञानं फोन काढला आणि हळूच विचारलं, “आजी, तुझ्या वर्षाचं काय लिहू?”

“लिही,” आई म्हणाली, “जाऊन आले.”

“तीन ओळी लागतात, आजी. एवढंच?”

आईनं पदर आवरून मांडीवर धरला.

“एवढंच राहिलं होतं,” ती म्हणाली.